माशाच्या तेलाची वही

त्या बाटलीत नेमकं काय होतं, हे मला आजही माहीत नाही. बारा-तेरा वर्षं झाली. मधल्या काळात मी निवृत्त झाले, दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, एका नातवंडाची चार झाली, आणि अजूनही कुणी माशाच्या तेलातल्या 'ओमेगा थ्री'चं नाव काढलं की माझा गोंधळ उडतो. समोरच्याला वाटतं, म्हातारीला समजलं नाही. म्हातारीला समजलंय हो. जरा जास्तच समजलंय, तीच तर अडचण आहे.

हा गोंधळ माझ्या डोक्यात घालून ठेवणारा माणूस आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. पोरं त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्ही शिक्षकही काकाच म्हणायचो. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण त्यांना 'काका' म्हणताना मला कधी लाज वाटली नाही. उलट तेवढ्यापुरतं तरुण वाटायचं.

काकांच्या हातात दोन घड्याळं असायची. डाव्या मनगटावर शाळेचं, उजव्या मनगटावर समुद्राचं. माणूस किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात वाढलेला. वडील, भाऊ, चुलते सगळे होडीवर. काकांना मात्र होडी लागायची, म्हणून घरच्यांनी त्यांना शाळेत चिकटवलं. तरी उजव्या हातातलं घड्याळ ते रोज सकाळी पन्नास मिनिटं मागे करायचे, कारण भरती रोज साधारण तेवढी उशिरा येते. त्या घड्याळात बारा वाजले की समुद्र भरलेला. मुख्याध्यापकांनी एकदा घाईत विचारलं, "काका, किती वाजले?" काकांनी शांतपणे विचारलं, "कुठले?"

त्यांची दुसरी खोड म्हणजे, 'हे की ते' असं विचारलं की उत्तर यायचं, "दोन्ही." चहा घेणार की कॉफी? दोन्ही. साहेब चांगले की वाईट? दोन्ही. पोरगा हुशार आहे की नुसता आगाऊ? दोन्ही. त्या वेळच्या मला याचा भयंकर राग यायचा. मी विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे, पुस्तकातली आकृती फळ्यावर मोठी काढायचे आणि बाणांपुढे नावं लिहायचे. माझ्या विज्ञानात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असायचं आणि ते पानाच्या तळाशी छापलेलं असायचं.

काकांच्या डब्यात बांगडा नाहीतर तारली. वाफवलेली नाहीतर आंबटतिखट रश्शातली, तळलेली कधीच नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की ते आमच्या डब्यांची तपासणी करत फिरायचे. पापलेटाला ते 'फोटोतला मासा' म्हणायचे. बोंबील दिसला की मान हलवायचे. "बोंबील म्हंजे पानी. खा, खा. ताकाऐवजी चालतं." एकदा मी रव्यात घोळून तळलेला बांगडा आणला तर ते दोन मिनिटं डब्याकडे बघत उभे राहिले.

"बाई, ह्या बांगड्याचं सोनं तव्यावर गेलं. आनि तव्यावरचं गोडं तेल बांगड्यात आलं. तुमी खाताय काय मग?"

"बांगडा," मी म्हटलं.

"आकार बांगड्याचा," ते म्हणाले आणि गेले.

मी तो बांगडा खाल्ला, पण सुखाने खाल्ला नाही. काकांशी बोलून कुणी सुखाने काही खाल्लंय असं मला आठवत नाही.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला माझी बोटं सकाळी मिटेनात. 'दाह' हा शब्द मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. लाली, सूज, उष्णता, वेदना. चार लक्षणं, दोन मार्क. तोच स्वतःच्या बोटांत येऊन बसला तेव्हा मला ओळखूही आला नाही. मला वाटलं, आमच्या नंदाखाल गावची थंडी. आमच्या घरामागे केळी आणि नारळी, पहाटे गारठा असतोच. मग खडू हातातून पडायला लागला. मग वरणाचं पातेलं पडलं. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात. शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडतंय. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली, तिच्या जोडीला दुसरी एक, आणि म्हणाले, "टीचर, ही गोळी सोडायची नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील. धीर धरा."

त्याच आठवड्यात मुलीचा विरारहून फोन आला. "मम्मी, न्यूज आहे. जुलै."

मी ओरडले. मग रडले. मग पहिलं वाक्य बोलले ते असं, "बाळाला न्हाऊ मी घालणार."

आमच्याकडे न्हाऊ घालायची रीत अशी, की आजीने पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ आडवं घ्यायचं, तेल चोळायचं आणि एका हाताने मान धरून दुसऱ्या हाताने पाणी घालायचं. माझ्या आईने माझी दोन्ही मुलं अशी न्हाऊ घातली होती. तेल लावलेलं बाळ किती निसटतं असतं ते ज्याने धरलंय त्यालाच कळेल.

मग मुलगी म्हणाली, "मम्मी, तुझ्या हातांचं काय? सॉरी, पण पातेलं पडलं ना तुझ्या हातून. मालिशवाली बाई मिळते गं, आमच्या बिल्डिंगमध्ये येते एक."

"बिल्डिंगमधली बाई तुझी आई आहे का?"

"नाही. पण तिची बोटं मिटतात."

पोरगी माझीच. बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही.

म्हणजे माझ्याकडे जुलैपर्यंतचा वेळ होता आणि मिटत नसलेली दहा बोटं होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या हातून तीन परीक्षानळ्या फुटल्या. काकांनी केरसुणी आणली. 'लागलं का' वगैरे विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कोनत्या हातातनं?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडा आदर दिसला.

मी सगळं सांगितलं. आमवात, गोळी, जुलै, बाळ. ते काचा गोळा करत ऐकत होते. मग स्टुलावर बसले आणि मला शिकवायला लागले. मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेली शिक्षिका आणि ते बारावी नापास.

"आपली पेशी हाय ना, तिची भिंत चरबीची. कुठं काय बिघडलं की शरीर त्या भिंतीचाच एक टवका काढतं आनि त्याची हाक बनवतं. 'धावा, धावा!' मग सगळे तिकडं धावतात. रक्त धावतं, पानी धावतं. सूज येते. आता भिंत कशाची, त्यावर हाक कशी ते. गोडं तेल खाऊन बांधलेली भिंत असंल तर हाक मोठी. माशाच्या तेलाची भिंत असंल तर हाक तीच, पन बारीक. आनि माशाच्या तेलातनं दुसरी बी एक हाक निघते, 'बास, आता घरी जावा' अशी."

"म्हणजे सूज वाईट," मी म्हटलं.

"चांगली. पाय कापला आनि सूज आली नाय तर तुमी मराल."

"मग माझी सूज?"

"ती बी चांगलीच. फकस्त चुकीच्या घरात शिरलीय."

"मग माशाचं तेल घेतलं की जाईल?"

"जाईल बी, नाय बी. भिंत रातोरात बदलत नाय, एकेक वीट बदलते. दोन-तीन महिने. आनि तुमची हाक किती मोठी हाय ते कोनाला ठावं?"

मी घरी आले ती दुप्पट गोंधळून. पण त्या वेळची मी फार हुशार बाई. एवढ्या सगळ्या बोलण्यातून मी आपल्या सोयीचे तीनच शब्द उचलले. माशाचं तेल. जाईल.

काकांनी मात्र प्रयोग मांडला. भाच्याचं आगाशीच्या बाजारात औषधांचं दुकान होतं. तिथून ते माशाच्या तेलाच्या पिवळ्या जिलेटिनच्या गोळ्या आणायचे आणि शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत बसून कंपासच्या टोकाने एकेक गोळी टोचून तेल काढायचे. रोजचे दोन चमचे व्हायचे तर आठवड्याला ढीगभर गोळ्या टोचाव्या लागत. सोमवारी प्रार्थनेच्या वेळीसुद्धा शाळेला कोळीवाड्याचा वास यायचा. तपकिरी बाटल्या दोन, एक नंबर आणि दोन नंबर. एकीत माशाचं तेल. दुसरीत सूर्यफुलाचं, आणि ओळखू येऊ नये म्हणून त्यातही माशाच्या तेलाचे चार थेंब. कुठली कुठली ते एका लखोट्यात लिहून, लाख लावून, कपाटात आम्लाच्या बाटल्यांमागे. एक नंबर मला आणि दोन नंबर आमच्या शिवणाच्या बाईंना. त्यांचे गुडघे झिजले होते, आणि काकांना दुखणारी दुसरी बाई हवी होती.

"मला सरळ माशाचं द्या ना," मी म्हटलं. "माझी निकड आहे."

"तुमाला ठावं झालं तर तुमचं मन बरं होईल. मला मन नाय मोजायचं, बोटं मोजायची हायेत."

मोजायचं कसं, तर रक्तदाब बघायचं एक जुनं पाऱ्याचं यंत्र त्यांनी मिळवलं होतं. त्याचा पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून माझ्या मुठीत द्यायचे. मी दाबायचं आणि पारा किती चढतो ते ते लिहायचे. शिवाय एप्रनची पाच बटणं लावायला किती वेळ लागतो तेही, डाव्या घड्याळावर. आणि मला एक वही दिली. रोज रात्री लिहायचं: सकाळी बोटं किती वेळ आखडली होती, दुखलं का, चमचे घेतले का, डॉक्टरांची गोळी घेतली का. त्यातही शेवटच्या रकान्यावर त्यांनी तीनदा बोट आपटलं. "गोळी सुटली तर प्रयोग बंद. आनि डॉक्टरला सांगा तेल घेताय म्हनून. तेलानं रक्त जरा पातळ होतं. त्येला ठावं पायजे."

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आणि वही मी रोज लिहिली नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी सातही दिवसांचं एकदम लिहून काढायचे, निळ्या, काळ्या आणि हिरव्या अशा वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे रोजचं वाटावं. पोरांनी असलं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

दोन आठवड्यांतच माझी खात्री पटली की माझ्या बाटलीत सूर्यफूल आहे. कारण शिवणाच्या बाईंना माशाचे ढेकर येत होते. प्रार्थनेच्या रांगेत त्या माझ्याशेजारी उभ्या असायच्या, आणि मी हेव्याने नाक पुढे करून वास घ्यायचे. मग एका बुधवारी त्या मुलींची मापं घेत असताना मी त्यांच्या पिशवीतली बाटली माझ्या पिशवीत टाकली, माझी त्यांच्या पिशवीत, आणि लेबलं नखाने काढून उलटी चिकटवली. मला फार बरं वाटलं. बोटंसुद्धा त्याच संध्याकाळी जरा मोकळी वाटली.

पुढे कळलं ते असं. शिवणाच्या बाईंना माझ्या ढेकरांचा वास येत होता. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी त्यांनी हेच केलं होतं. लेबलांसकट.

जानेवारीत बोटं खरंच सुधारली. सकाळचं आखडणं कमी झालं. पट्टा दाबला की पारा वर सरकायचा आणि काका 'हं' म्हणायचे. ही सुधारणा गोळीची की तेलाची, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. माझं उत्तर तयार होतं. त्याच सुमारास कंगव्यात केस जास्त दिसायला लागले. गोळीच्या पाकिटातला कागद मी भिंग लावून वाचला. यकृत, केस, तोंडातले फोड, काय काय लिहिलेलं. मी गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. वहीत 'घेतली' असं लिहीत राहिले, हिरव्या पेनाने.

मग राखेचा बुधवार आला, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस.

आमच्याकडे पूर्वीपासून उपवासकाळात चाळीस दिवस घरात मासळी नाही, मटण नाही. हल्ली पोरं शुक्रवार तेवढे पाळतात, पण मी आईची रीत सोडली नव्हती. त्या वर्षी तर बाळासाठी जास्तच कडक पाळायचं ठरवलं होतं. कपाळावर राख लावून घरी आले, जेवले, सवयीने बाटली काढली आणि झाकण उघडताच वास आला. हात थांबला. हा मासा की औषध? फादरना विचारलं असतं तर त्यांनी हसून 'घ्या' म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. मला सूट नको होती. मला त्याग हवा होता, देवाच्या डोळ्यांत भरेल असा. बाटली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात गेली.

म्हणजे बघा, गोळी सोडली कारण तेल आहे, आणि तेल सोडलं कारण उपवास आहे. तेव्हा ही साखळी मला दिसली नाही. मी विज्ञान शिकवत होते.

आणि झालं काय, तर काहीच नाही. पाच आठवडे बोटं छान. शनिवारी पारा तिथल्या तिथे. मी मनात म्हटलं, बघा काका, प्रार्थनेने होतंय. भिंतीच्या विटा एकेक करून येतात तशा एकेक करूनच जातात, हे त्या माणसाने मला सांगितलेलं होतं. पण त्या दिवशी मी फक्त तीन शब्द ऐकले होते ना.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळ्या आणतात. त्यांच्या पात्या दुमडून छोटे क्रूस करायचे, दारावर, देवघरात, शेजाऱ्यांना. माझे क्रूस आमच्या आळीत नावाजलेले. मिस्साची प्रार्थना संपल्यावर बायका माझ्याभोवती बसल्या. मी पाती घेतली, पहिली घडी घातली, आणि दुसरी घडी पडेना. अंगठा वाकेना. बोटांची मुळं लालसर, गरम, फुगलेली. मी हसत हसत म्हटलं, "यंदा तुम्हीच करा गं, मी बघते." एका छोट्या मुलीने माझ्या हातातून पाती घेतली आणि चार झटक्यांत क्रूस करून परत माझ्याच हातात दिला. तो माझ्या बोटांत राहिला नाही, खाली पडला.

त्या रात्री मी बोटांवर महिने मोजायला गेले तर बोटं मोजायला वाकत नव्हती. एप्रिल, मे, जून, जुलै.

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत गेले. काकांनी पट्टा पुढे केला. मी दाबला. पारा जेमतेम हलला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग वही उघडली. निळं, काळं, हिरवं. 'घेतली. घेतले. दुखले नाही.'

"बाई," ते म्हणाले, "ह्या वहीतली बाई बरी हाय. समोरची कोन?"

मग मी सगळं सांगून टाकलं. गोळी, तेल, उपवास, बाटल्यांची अदलाबदल. बोलता बोलता शिवणाच्या बाई आत आल्या आणि त्यांनी त्यांची अदलाबदल सांगितली. आम्ही दोघी पन्नाशीच्या पुढच्या बाया, कॉपी करताना पकडलेल्या पोरींसारख्या उभ्या.

काकांनी दोन्ही घड्याळं काढली आणि टेबलावर ठेवली. पंचवीस वर्षांत मी त्यांची मनगटं उघडी पाहिली नव्हती. काळ्या हातांवर दोन गोरे पट्टे. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "गोळी कधी सोडलीत?"

"जानेवारीत."

"तेल ऱ्हाऊ द्या. प्रयोग ऱ्हाऊ द्या. जानेवारीपासनं सांधे उघड्यावर हायेत तुमचे. सूज उतरंल, पन हाड झिजलं तर ते काय पुन्यांदा येत नाय. आत्ता चला."

भाच्याच्या दुकानासमोरून आम्ही तिघांनी रिक्षा केली. माझ्याआधी तेच डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि वही टेबलावर ठेवून म्हणाले, "यातलं काय बी खरं नाय. बाईंना विचारा."

डॉक्टर रागावले, मग हसले, मग पुन्हा रागावले. रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू केली, थोड्या दिवसांसाठी आणखी एक दिली. मी तरी विचारलंच, "पण मग तेलाने फायदा होतो की नाही? एकच काय ते सांगा."

"होतो काहींना," डॉक्टर म्हणाले. "पुरेसं घेतलं, काही महिने घेतलं, तर सकाळचं आखडणं, दुखणं थोडं कमी होतं. पण ते गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही. आणि तुम्हा दोघींवरून काही सिद्ध होत नाही, यांचे गुडघे झिजलेत, तुमचा आमवात. दोन वेगळे आजार."

"ते मला ठावं हाय," काका म्हणाले. "पन दुसरी कोन मिळत नव्हती."

परत आल्यावर त्यांनी कपाटातून लखोटा काढला. शिवणाच्या बाई आणि मी माना पुढे करून बघत होतो. काकांनी बर्नर पेटवला आणि लखोटा, लाखेसकट, ज्योतीवर धरला.

"अहो!" आम्ही दोघी एकदमच.

"कोनत्या बाईनं कवा काय पिलं, कवा सोडलं, ते ह्या कागदालाच ठावं नाय. ठेवून काय करू?" मग त्यांच्या मोठ्या नोंदवहीत त्यांनी निष्कर्ष लिहिला. मी उलट्या बाजूने वाचला: 'दोन्ही बाया खोटारड्या. तेल निर्दोष.'

मी रुसले. तेव्हा मला रुसायचा हक्क आहे असं खरंच वाटायचं. पण पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर एक तपकिरी बाटली होती, बिननंबरची. डॉक्टरांना विचारून दिलेली. लेबलावर लिहिलेलं, 'मासा आहे.' ईस्टर होऊन गेला होता, तेव्हा देवाचीही हरकत नव्हती.

एप्रिल गेला, बोटं तशीच. मे गेला, सूज उतरली पण अंगठा हट्टी. मी नारळाला कापड गुंडाळून नडग्यांवर घेऊन सराव करायचे. एकदा नारळ निसटला आणि घरंगळत पायऱ्यांवरून अंगणात गेला. मी तिथेच बसून राहिले. मुलगी फोनवर म्हणायची, "मम्मी, टेन्शन घेऊ नको. नाही जमलं तर नाही." तिने हे दहा वेळा म्हटलं, आणि दहाही वेळा मला मालिशवाली बाई पायऱ्या चढून येताना दिसायची. जूनमध्ये सकाळचं आखडणं तासावरून अर्ध्या तासावर आलं. गोळीने? तेलाने? उन्हाळा संपल्याने? मी काकांना विचारायचं सोडून दिलं होतं. उत्तर मला पाठ होतं.

जुलैत नात झाली. मुलगी बाळंतपणाला नंदाखालला आली होती. नाळ पडली आणि न्हाऊ घालायचा दिवस ठरला. त्या सकाळी मागच्या दारी काका हजर. बगलेत पाऱ्याचं यंत्र, हातात ती माझी वही.

"काका, तुम्ही?" मुलगी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेली. "या ना. बाळ बघायला आलात?"

"बाळ बी बघू. आधी बाईंची मूठ."

"आज नाही," मी म्हटलं. "आज खरं काम आहे. तुमचा पारा ठेवा बाजूला."

त्यांनी यंत्र पायरीवर ठेवलं. न्हाणीघराचं दार उघडंच, मी पाटावर, लुगडं गुडघ्यांपर्यंत दुमडलेलं. काकांनी ते पाहिलं, चटकन पाठ केली आणि केळींकडे तोंड करून पायरीवर बसले. पण गेले नाहीत. वही उघडली, कानामागची पेन्सिल काढली. "तुमी करा," पाठमोरेच म्हणाले. "मी बघत नाय. तुमी सांगाल ते लिवतो."

मुलीने बाळ माझ्या नडग्यांवर ठेवलं. ती माझ्या खांद्याशी ओणवी उभी, दोन्ही हात पुढे केलेले, झेलायला तयार. मी खोबरेल चोळलं. पाठ, पोट, इवल्या मांड्या. मग मान उचलून डाव्या पंजात घेतली आणि उजव्या हाताने तांब्या. पोरीने किंचाळून आळी डोक्यावर घेतली.

"बाई," पायरीवरून आवाज आला, "दुखतंय?"

तोंडात 'नाही' तयार होतं. चार महिने मी तेच लिहिलं होतं, तीन रंगांच्या पेनांनी. मागे मुलगीही श्वास धरून उत्तराची वाट बघत होती. मी 'हो' म्हटलं तर ती बाळ उचलून घेईल हे मला पक्कं ठाऊक होतं. तेलकट डोकं पंजात होतं, मधलं बोट जळत होतं, आणि त्या माणसाला माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"दुखतंय," मी म्हटलं. "मधलं बोट. आणि अंगठ्याचं मूळ."

"मम्मी, दे इकडे."

"थांब गं. दुखतंय म्हटलं, सुटतंय नाही म्हटलं."

मुलीने माझ्या हाताकडे बघितलं. मग पुढे केलेले हात तिने मागे घेतले, आणि खाली बसून तांब्या भरून द्यायला लागली.

"हळू सांगा बाई," काका म्हणाले. "पयल्यापासनं. लिवतोय."

मी पाणी घालत सांगत गेले.